रुळाच्या पुलावरची शिळी भाकर

चहा घ्या आधी. घेतलात? मग सांगते. पण हसायचं असेल तर कप खाली ठेवून हसा. मागच्या वेळी हेच सांगताना आमच्या जावेनं सगळा चहा सतरंजीवर सांडला आणि धुवायला मलाच लागली.

गावात कुणालाही विचारा, मंगल कशी आहे. लोक सांगतील, तोंडानं फटकळ, डोक्यानं गरम, पण हार जायची नाही. खरं आहे. मला राग आला की हातात जे असेल ते सुटतं. उलथणं, लाटणं, एकदा तर तिंबलेला पिठाचा गोळाच गेला. आमच्या मालकांना आता खाली वाकायची इतकी सवय झाली आहे की मी नुसती खोकले तरी त्यांची मान खाली जाते. तर अशा मला, शिळ्या भाकरीनं आणि थवाभर कावळ्यांनी भर सकाळी जे लोळवलं, ते ऐका.

भांडण आधी सांगायला पाहिजे, त्याशिवाय तुम्हाला काही उमजायचं नाही. आमचं रान आणि सोपानतात्यांचं रान बांधाला बांध लागून. त्यांच्या रानात ट्रॅक्टर न्यायचा तर आमच्या बांधावरूनच वाट. वर्षानुवर्षं जात होता, कुणी हू की चू केलं नाही. मग एक दिवस तात्यांच्या पोरानं, भाऊसाहेबानं, ट्रॉली वळवताना माझं लिंबाचं झाड मोडलं. लगडलेलं झाड हो. मी म्हटलं, "बघून चालवता येत न्हाई व्हय?" तर त्याची बायको शालन ट्रॉलीतनं काय म्हणते, "मंगलताई, एवढ्याशा लिंबापायी तोंड कशाला आंबट करता?"

झालं. दुसऱ्या दिवशी वाटेवर बाभळीच्या काट्यांची अशी रास लावली की मुंगीलाही वळसा घालून जावं लागलं असतं.

तात्या स्वतः आले होते. भला माणूस. धोतराचा सोगा सावरत ओट्यावर बसले. "सूनबाई, तुमा बायांच्या बोलाचालीत रानाची वाट नगं अडवू."

मी म्हटलं, "तात्या, आता ट्रॅक्टर न्यायचा तर माझ्या मढ्यावरनं न्यायचा."

तात्या हसले. "अगं, आधी नंबर माझा हाय," म्हणाले. आणि खरंच त्या माणसानं नंबर पाळला. माघ सरता सरता गेले.

ऊस उभा होता त्यांचा. कारखाना बंद व्हायला आलेला. तोडणीच्या टोळीचा मुकादम स्पष्ट सांगून गेला होता की वाट नसेल तर मोळ्या डोक्यावर वाहून आम्ही मरणार नाही, आम्ही पुढच्या गावाला चाललो. म्हणजे तात्यांचा ऊस रानातच चिपाड होणार. हे मला माहीत होतं का? होतं. काटी हलवली का? नाही. आमचे मालक एकदा जेवताना दबकत म्हणाले, "मंगल, आता तात्या बी गेले, तवा..." मी नुसतं बघितलं. ते भाकरीकडं बघायला लागले.

आमचे मालक म्हणजे असे. आमच्या घरात बोलायचं काम माझं, ऐकायचं त्यांचं. लग्नातलं नावसुद्धा त्यांनी कसंबसं घेतलं होतं, तेही माझ्या करवलीनं कानात सांगितलं म्हणून.

आता फोटोचं. आमच्या बचत गटानं महिला दिनाला फोटोची स्पर्धा लावली. आपल्या गावातला एक फोटो मोबाईलवर काढायचा, पहिल्या नंबरला मिक्सर. बैठकीत शालननं सगळ्यात आधी हात वर केला, "मी रुळाचा पूल काढनार." मला विचारलं तर मी म्हटलं, "फोटो काढत हिंडायला मी काय नवी नवरी हाय? मला कामं हायेत." असं चारचौघींत बोलून बसले.

पण घरी आले आणि मिक्सर लावला. आमचा मिक्सर आवाज विमानाचा करायचा आणि दाणे हरभऱ्याएवढे सोडायचा. ती चटणी चावता चावता मी ठरवलं, पूल मीच काढणार. आणि शालनच्या आधी.

रुळाचा पूल म्हणजे आमच्या गावचं भूषण, अर्थात मोडकं. पूर्वी उसाची छोटी आगगाडी होती. रानारानांतून ऊस घेऊन ती प्रवरेवरच्या त्या पुलावरून कारखान्याकडं जायची. माझं माहेर ह्याच गावातलं, आम्ही पोरी मागनं पळत जाऊन कांड्या ओढायचो. मग ट्रॅक्टर आले, गाडी बंद पडली, आणि पूल तसाच राहिला. दगडी खांब, वर लोखंडी तुळया, गंजलेले रूळ, मधल्या फळ्या निम्म्या कुजलेल्या. पलीकडचा शेवटचा गाळा पुरात गेला. त्यामुळं चढायचं ते अलीकडून आणि उतरायचंही अलीकडूनच. हे लक्षात ठेवा, माझं सगळं इथंच अडकलं.

आमची सोनाली संगमनेरला दिली आहे. मोबाईल तिचाच जुना, मला दिलेला. तिला फोन लावला तर म्हणाली, "आई, नुसता पूल काढू नको. फोटोत जीव पायजे."

"कुनाचा?"

"कुनाचा बी. पाखरं, शेळ्या, काही तरी हलतं पायजे."

शेळी पुलावर चढवायची तर आधी मी पडायची. मग म्हटलं कावळे. त्या पुलावर कावळ्यांची काय कमी? भाकरीचा तुकडा दाखवला की हजर.

दिवस कोणता धरला माहिती आहे? सोपानतात्यांच्या दहाव्याचा. का? सगळं गाव घाटावर असणार. घाट महादेवाच्या देवळापाशी, नदीच्या वळणापलीकडं. पुलाकडं चिटपाखरू असणार नाही. मी दहाव्याला जाणार नव्हतेच, बोलणं बंद होतं. मालक पांढरी टोपी घालून निघाले. दारात घुटमळले. "येत न्हाईस ना?"

"न्हाई."

"बरं," म्हणाले आणि गेले. ते वळणाआड होईस्तोवर मी शिळ्या भाकरी फडक्यात बांधल्या आणि मागच्या वाटेनं पुलाकडं.

पदर खोचला, भराव चढले, आणि रुळांवरून रांगत मधल्या खांबापर्यंत पोचले. खाली फटीतून नदी दिसत होती. परत फिरावंसं वाटायचं, पण शालनला मिक्सर मिळाला हे डोळ्यांपुढं आणलं की हात आपोआप पुढचा रूळ धरायचे.

भाकरी चुरली. एक कावळा आला. त्यानं बाकीच्यांना काय निरोप दिला कुणास ठाऊक, घटकाभरात अख्खी भावकी गोळा झाली. रुळावर ओळीनं बसले, जणू पंगतच. मी फोटो काढला, तो माझ्या अंगठ्याचा आला. दुसरा काढला, तर मोबाईल उलटा वळलेला, त्यात माझं नाक. नाकसुद्धा अर्धंच. सोनालीला मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि तिसरा काढायला लागले, तेवढ्यात खालून आवाज आला.

"हॅलो. हॅलो. माईक टेस्टिंग."

वाकून बघते तर बरोबर पुलाखाली टेम्पो. मंडप लागतोय. सतरंज्या पसरतायत. आणि वाळूतून पांढऱ्या टोप्यांची रांग येतेय.

नदीचं पाणी आटून धार सरकली होती हो. घाटापाशी कोरडं ठाक आणि धार आली पुलाच्या खांबाला. मग दहावाही तिथंच. गावाला माहीत, मला नाही. मला कोण सांगणार? बोलणं बंद होतं ना.

उतरायचं तर भरावावरून थेट मंडपात. दहाव्याला येत नाही म्हणून ठणकावलेली मंगल, खोचलेल्या पदरानं, हातात मोबाईल, आभाळातून अवतरली. शालन तिथंच बसलेली. मी तुळईमागं आडवी झाले. म्हटलं, होईल तासाभरात, गेले की उतरू.

पण कावळे गप बसतील तर ना. चुरा संपला की काव काव. खाली दोघातिघांनी वर बघितलं, पण तुळयांआड त्यांना काही दिसेना. मग काय करणार, त्यांचं तोंड बंद करायला पुन्हा भाकर टाकली. गप झाले. परत संपली, परत काव काव, परत टाकली. एका कावळ्याच्या चोचीतून तुकडा निसटला आणि खाली गेला. कुठं पडला बघते तर बरोबर आमच्या मालकांच्या टोपीवर. त्यांनी टोपी काढली, तो तुकडा हातात घेतला, न्याहाळला, आणि खिशात टाकला. मला वाटलं, गरीब बिचारा माणूस, अन्न वाया घालवत नाही.

खाली सगळं रीतीनं चाललं होतं. महाराजांचं प्रवचन झालं, भटजीबुवांनी भाताचा पिंड ठेवला, लोक मागं सरकून हात जोडून उभे राहिले. आता कावळा यायचा आणि पिंडाला शिवायचा. म्हणजे तात्यांचा जीव मोकळा.

कावळा आला नाही.

लोक वाट बघतायत. ऊन चढतंय. तरी नाही. म्हणजे आत्म्याची काही तरी इच्छा मागं राहिली. तुम्हाला माहितीच आहे, मग एकेकानं पुढं व्हायचं आणि शब्द द्यायचा.

भाऊसाहेब पुढं आला. "दादा, घोडेगावच्या बाजारातून आनलेली तुमची म्हैस म्या कंदी इकनार न्हाई."

काही नाही.

शालननं पिंडाशेजारी चहाचा कप ठेवला, तात्यांना आवडायचा म्हणून. मग बिडीचं बंडल ठेवलं. मग कुणी तरी भजी आणली. काही नाही.

तात्यांची बहीण गयाआत्या, पाठीतून वाकलेली म्हातारी, ती काठी टेकत आली. "सोपाना, तुझ्या लग्नात मी रुसले ते मनावर घिऊ नगं रे. आहेर लई बारीक हुता, पन म्या तवाच माफ केलाय."

काही नाही.

भटजीबुवा घड्याळात बघत म्हणाले, "दर्भाचा कावळा करून लावू. शास्त्रात आहे."

आत्या काठी आपटून म्हणाली, "गवताचा कावळा माझ्या भावाला न्हाई चालायचा. खरा आना."

"आता खरा कुठून आणू आजी?"

"ते मला काय इचारता? दक्षिना तुमी घेनार."

आणि मग भाऊसाहेब रडवेला होऊन म्हणाला, "एरवी इथं लुगडी वाळत घालू देत न्हाईत, इतके कावळे असत्यात. आज गेले कुठं मुडदे?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गेले कुठं? माझ्यापुढं बसलेत. माझी भाकर खाऊन त्यांची पोटं अशी टम्म फुगली होती की एकाला तर उडता येईना, तो रुळावरून चालतच पलीकडं गेला. पिंडाला कोण शिवणार?

आता खरं बोलते. खरं म्हणजे मी तेव्हाच त्यांना हुसकायला पाहिजे होतं. उठले असते तर दिसले असते, हे एक कारण. पण दुसरंही होतं. खाली एकेक जण येऊन काय काय कबूल करत होता, आणि मी वर बसून ऐकत होते. असं सुख माणसाला पुन्हा मिळतं का? भाऊसाहेबानं पत्ते सोडले. एका पुढाऱ्यानं तात्यांच्या नावानं बसथांबा देतो म्हणून माईकवर सांगितलं. कावळ्यांनी तर नाहीच, लोकांनीसुद्धा त्याच्याकडं बघितलं नाही. शालन म्हणाली, "मामंजी, तुमी दोनदा मागितलं तर मी एकदाच वाढायचे, चुकलं माझं." मी तुळईमागं पदर तोंडात कोंबून हसत होते. हातातल्या शेवटच्या तुकड्याचा चुरा केला आणि कावळ्यांना म्हटलं, बसा बाबांनो, अजून शालनचं बरंच निघायचंय.

आणि मग माईकवर आमचे मालक आले.

मला आधी ओळखूच आलं नाही. तो आवाज मी माईकवर कधी ऐकलाच नव्हता, घरात तरी कुठं ऐकला होता म्हणा.

"रामराम मंडळी. तात्यांचा जीव कशात हाय, मला ठावं हाय. वाटंत हाय."

खाली सगळ्या माना त्यांच्याकडं वळल्या.

"तात्या, आमच्या घराच्या वतीनं मी शब्द देतो. बांधावरची वाट मोकळी. आज दुपारच्याला काटी काढतो. ऊस जाऊ द्या कारखान्याला."

मी दातओठ खाल्ले. उठणार होते, पण खाली सगळं गाव. तुळई घट्ट धरली. घरी ये म्हटलं, मग बघते.

मालक घसा खाकरून पुढं बोलले, "आनि आमची मंगल सोताहून शालनवैनीला चहाला बोलवंल."

बोलवंल? कोण बोलवंल? तुळईचा गंज माझ्या तळव्याला लागला, इतकी धरली. तरी उठले नाही. म्हटलं मंगल, दम धर.

मालक थांबले. टोपी सारखी केली. आणि काय म्हणाले असतील?

"आनि तात्या, तिच्या बोलन्याचा राग धरू नगा. ती बाई साधी हाय. तिला धड सैपाक बी येत न्हाई. तिची भाकर म्हंजे, आता दहाव्याच्या जागी खोटं कशाला बोलू, कावळासुदिक शिवत न्हाई."

माझ्यासमोर थवाभर कावळे माझी भाकर खाऊन सुजलेले. आणि हा माणूस माईकवर, अख्ख्या गावापुढं, माझ्या माहेरच्या माणसांपुढं म्हणतो कावळा शिवत नाही.

मी उठले. मोबाईल एका हातात, दुसऱ्या हातानं चप्पल काढली आणि सोडली.

कावळे उडाले. सगळे एकदम, काळा ढग फाटावा तसे. बहुतेक पाण्यावरून पलीकडं निघून गेले. एक म्हातारा, जाडा कावळा मात्र फार लांब जाईना. जाईल कसा, पोटात अर्धी भाकर. तो धापकन उतरला तो पिंडाशेजारी, आणि उतरलाच आहे तर म्हणून भाताला चोच लावली.

"शिवला. शिवला."

काय गलका झाला. भाऊसाहेब रडतोय, आत्या काठी वर करून नाचायच्या बेतात, भटजीबुवांनी पिशवी आवरायला घेतली. माझ्याकडं कुणाचं लक्षच नाही. मी परत तुळईमागं आडवी.

आणि आत्या काय म्हणाली माईकवर? "बघा. म्हैस म्हनलं, न्हाई आला. चहा ठिवला, न्हाई आला. मंगलीनं वाट सोडली, तसा आला. तात्याचा जीव मंगलीनं अडवला हुता."

सगळ्या गावानं मान डोलावली. मी वरून ऐकतेय. ओरडून सांगावं तरी काय? की बायांनो, जीव नाही अडवला, कावळे अडवले होते?

शेवटी सगळे श्रद्धांजलीला उभे राहिले. एकटे आमचे मालक वाळूत मांडी घालून बसलेले, उठायलाच तयार नाहीत. कुणी तरी हात दिला तर मानेनंच नको म्हणाले. वरून बघून मला गलबललंच. म्हटलं, तात्यांवर किती जीव होता ह्यांचा.

मांडव रिकामा झाल्यावर मी एका पायात चप्पल घालून घरी आले. दुसरी नदीत गेली असणार.

आता घरी येऊन बोलायची सोय राहिली होती का? वाट देत नाही म्हणावं, तर तात्यांचा जीव परत अडकवला म्हणून गाव दारात. कावळ्याचं खरं सांगावं, तर मला पुलावरच गाडलं असतं. दुपारी मालक कुऱ्हाड घेऊन निघाले, तर मीच पुढं झाले. म्हटलं, माझी काटी मी काढीन. निदान कुणी उपकार केले असं नको. बाभळीच्या फांद्या डोक्यावर घेऊन मी बांधावर, आणि मागून भाऊसाहेब ट्रॅक्टर घेऊन उभा. "वैनी, उपकार झाले," म्हणाला. बघा, झालेच.

टोळी परत आली, कारखाना बंद व्हायच्या आत ऊस गेला. शालनला चहाला बोलवावं लागलं. शब्द गेला होता ना. येताना तिनं म्हशीचा खरवस आणला. चहा प्याली आणि म्हणाली, "मंगलताई, साखर जरा कमी हाय." मी उलथण्याकडं बघितलं, पण मालक मध्येच येऊन बसले.

आणि मिक्सर? चप्पल सोडताना माझं बोट मोबाईलवर पडलं होतं. फोटो आला होता, काय सांगू, असला भारी. गंजलेला पूल, कावळ्यांचा ढग, खाली नदी आणि पांढऱ्या टोप्या. पण खाली दहावा दिसतोय, तो पाठवायचा कसा? सोनालीला तेवढा दाखवला. ती म्हणाली, "आई, जीव आलाय फोटोत. पन हे मधी काय उडतंय? घार हाय का?"

"घारच हाय," म्हटलं.

शालन सुतकामुळं पुलाचा फोटो काढायला गेलीच नाही. तिनं त्या दुपारी रानातल्या घराच्या दारातूनच एक फोटो काढला होता. पुढं मी, डोक्यावर काट्यांचा भारा, तोंड कडू. मागं भाऊसाहेबाचा ट्रॅक्टर आणि उभा ऊस. पहिला नंबर. टाळ्या वाजवायला मला पुढं बसवलं होतं.

इतकं झालं तरी एक समाधान होतं. खरं काय ते मला एकटीला ठाऊक. अख्ख्या गावाला वेड्यात काढलं ते मीच. हे असं पोटात किती दिवस राहणार? एक दिवस सकाळी चहा पिताना मालकांना सांगून टाकलं. "तुमाला वाटतं तुमच्या बोलन्यानं कावळा आला. अवं, वर मी हुते. माझ्या भाकरी खाऊन बसले हुते सगळे."

मालक फुंकर मारून चहा पीत होते. "व्हय," म्हणाले.

"व्हय काय?"

ते उठले, कणगीच्या मागं हात घातला, आणि फडक्यात गुंडाळलेलं काही तरी माझ्यापुढं ठेवलं. माझी चप्पल.

"कुठं घावली ही?"

"पिंडाच्या जवळच पडली हुती, वाळूत. समदे कावळ्याकडं बघत हुते, मी तिच्याकडं. कुनी बघायच्या आत तिच्यावर जाऊन बसलो."

"म्हंजे श्रद्धांजलीला तुमी उठला न्हाई ते..."

"उठनार कसा? अंगठ्याचा खिळा टोचत हुता, तरी बसलो."

माझ्या तोंडातून शब्द निघेना. असं आमच्या घरात पहिल्यांदाच झालं. "मी वर हाय हे कळलं कसं तुमाला?"

"टोपीवर तुकडा पडला ना. काळी कड करपलेली भाकर. लग्न झाल्यापासनं खातोय, वळखायची न्हाई व्हय?"

"मंग हाक मारायची. उतर म्हनायचं."

"तू कवा माझ्या हाकंनं उतरलीस? कावळं उठवायचं तर तुला राग यायला पायजे हुता. तुला राग आला की तू फेकतीस, हे मला सोडून कुनाला ठावं?" मालकांनी बशी खाली ठेवली. "वाट सोडतो म्हनलो, तू गप. चहाला बोलवंल म्हनलो, तरी गप. मंग म्हनलं, आता भाकरीवरच जावं."

मी चप्पल उचलली. त्यांनी सवयीनं मान खाली घातली आणि खालूनच म्हणाले, "हान की. पन बघ बाई, आता कुनाची वाट अडलेली न्हाई."

काय करणार? चप्पल पायात घातली आणि उठून भाकरी टाकायला बसले. कड मात्र मुद्दाम करपवली, चांगली काळीकुट्ट होईस्तोवर. उद्या पुन्हा कुठं अडकले, तर ओळखायला बरी.